बंदूक खुंटीला असते तेव्हा
(आल्डो लिओपोल्ड यांच्या 'अ सँड काउंटी ऑल्मनॅक'चा अभ्यास)

शिकारीचा हंगाम किती दिवसांचा असतो? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरण मारण्याचा मुख्य हंगाम आजही नोव्हेंबरच्या अखेरीस जेमतेम ९ दिवसांचा असतो. मग वर्षातले उरलेले ३५६ दिवस शिकारी काय करतो? बंदूक पुसून, तेल लावून खुंटीला टांगतो आणि पुढच्या नोव्हेंबरची वाट बघतो, एवढंच? या प्रश्नाचं फार वेगळं उत्तर एका शिकाऱ्यानेच दिलं. त्याचं नाव आल्डो लिओपोल्ड, आणि १९४९मध्ये आलेलं त्याचं पुस्तक म्हणजे 'अ सँड काउंटी ऑल्मनॅक'. इंग्रजी निसर्गलेखनात त्याची गणना अभिजात पुस्तकांत होते.

'शिकार' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? संस्थानिकांचे जुने फोटो. वाघाच्या धडावर पाय ठेवून उभे राहिलेले साहेब. दिवाणखान्यातलं भुसा भरलेलं मुंडकं. त्यामुळे 'शिकाऱ्याने जंगल राखलं' हे वाक्य आपल्याला चोराच्या हाती किल्ल्या दिल्यासारखं वाटतं. असं वाटणं काही चूक नाही. पण लिओपोल्ड वाचताना हा पूर्वग्रह थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. मला या पुस्तकात दिसलेली गोष्ट एका वाक्यात सांगायची तर अशी: शिकारीच्या हंगामाबाहेर त्यांनी जे पाहिलं, लावलं, तोडलं आणि मोजलं, त्यातूनच त्यांची हंगामातली नजर बदलत गेली. हा बदल पुस्तकात कसा घडतो, ते आपण या लेखात पायरीपायरीने बघू.

१. माणूस

आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन या गावी झाला. गाव मिसिसिपी नदीच्या काठावर, म्हणजे बदकांच्या स्थलांतराच्या वाटेवरच. वडील कार्ल यांचा लिहिण्याची टेबलं बनवण्याचा कारखाना होता. ते स्वतः शिकारी होते, पण त्यांचे काही नियम होते. कायदा येण्याच्या आधीच त्यांनी वसंतातली बदकांची शिकार सोडून दिली होती, कारण तो पक्ष्यांच्या विणीचा काळ. मुलाच्या हाती पहिल्यांदा बंदूक दिली तेव्हाही अट घातली: झाडावर बसलेला पक्षी मारायचा नाही, उडता असेल तरच बार काढायचा. म्हणजे नेम धरायच्या आधी मनाला आवर घालायचा, हा धडा घरातूनच मिळाला.

पुढे येल विद्यापीठात वनशास्त्राचं शिक्षण घेऊन लिओपोल्ड १९०९मध्ये अमेरिकेच्या वनखात्यात लागले. पहिली नेमणूक ॲरिझोनात झाली, नंतर न्यू मेक्सिकोत. १९१२मध्ये सांता फे इथल्या एस्टेला बर्जेर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. न्यू मेक्सिकोतलं गिला हे क्षेत्र १९२४मध्ये रस्ते आणि बांधकामांपासून मुक्त ठेवलं गेलं. त्यामागे त्यांचाच पाठपुरावा होता. त्याच वर्षी ते विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला आले. १९२८मध्ये वनखातं सोडून त्यांनी राज्याराज्यांत फिरून शिकारीच्या प्राण्यांची पाहणी केली. गंमत म्हणजे या पाहणीचा खर्च बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्या कारखानदारांच्या संस्थेने दिला. सावजच उरलं नाही तर काडतूस कोण घेणार, हा त्यांचा साधा हिशोब. १९३३मध्ये 'गेम मॅनेजमेंट' हे त्यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक आलं आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने या विषयासाठी त्यांना प्राध्यापक नेमलं. असं पद अमेरिकेत पहिल्यांदाच निर्माण झालं होतं.

२. शास्त्र: प्राण्याला काय लागतं?

'ऑल्मनॅक' समजून घ्यायला आधी 'गेम मॅनेजमेंट'मधल्या चार-पाच कल्पना माहीत असलेल्या बऱ्या. घाबरू नका, त्या अवघड नाहीत.

पहिली कल्पना, गरजा. कोणत्याही रानटी प्राण्याला अन्न, पाणी आणि आडोसा लागतो. आडोसा म्हणजे लपायची, झोपायची, पिल्लं वाढवायची जागा. या गोष्टी फक्त असून भागत नाही, त्या एकमेकींच्या जवळ असाव्या लागतात. लहान पक्षी खाण्यासाठी रोज तीन मैल जाऊ शकत नाही. पिण्याचं पाणी शेजारच्या गावात आणि चूल आपल्या घरात, असा संसार माणसालाही परवडत नाही. मग त्याला कसा परवडेल?

दुसरी कल्पना, कड. जिथे दोन तऱ्हेच्या जमिनी भेटतात, म्हणजे रान आणि शेत, झुडपं आणि गवत, तिथे प्राणी जास्त दिसतात. कारण एकाच जागी उभं राहून दोन्हीकडचा लाभ घेता येतो. म्हणून एकसलग मोठ्या रानापेक्षा तुकड्यातुकड्यांनी मिसळलेल्या रानात तितर, ससे, हरणं यांची संख्या वाढते, असं लिओपोल्ड यांनी मांडलं.

तिसरी कल्पना, जमिनीची ताकद. एका जमिनीवर ठराविकच प्राणी तग धरतात. त्याहून जास्त झाले तर ते हिवाळ्यात उपाशी मरतात, आणि मरता मरता जमीनही ओरबाडून टाकतात.

चौथी कल्पना मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रानटी प्राण्यांचा नाश कशाने झाला? कुऱ्हाड, नांगर, गुरं, आग आणि बंदूक या पाच गोष्टींनी. लिओपोल्ड म्हणाले, याच पाच गोष्टी शहाणपणाने वापरल्या तर प्राणी परत आणता येतील. नीट बघा, या पाचांत बंदूक एकच आहे. बाकी चार साधनं शेतकऱ्याची आहेत आणि ती हंगामाबाहेर चालतात. म्हणजे शिकारीचं भवितव्य शिकाऱ्यापेक्षा जमीनमालकाच्या हाती जास्त आहे.

म्हणूनच १९३१मध्ये मॅडिसनजवळच्या रायली या गावी त्यांनी शेतकरी आणि शहरातले शिकारी यांची मिळून एक सहकारी संघटना उभी केली. जमीन शेतकऱ्याची. शहरवाल्यांनी पक्ष्यांसाठी दाणा, रोपं आणि मेहनत द्यायची. हिवाळ्यात दाणा टाकायचा, झुडपांचे आडोसे राखायचे, किती पक्षी आहेत ते मोजायचं आणि मगच किती मारायचे ते ठरवायचं. शिकार हे या वर्षभराच्या कामातलं शेवटचं आणि सगळ्यांत लहान काम.

३. कोंबड्यांचं खुराडं

१९३५मध्ये लिओपोल्ड यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी, बाराबू गावाजवळ एक पडीक शेत विकत घेतलं. रेताड जमीन, आधीच्या मालकांनी पिकं घेऊन घेऊन पार पिळून काढलेली. घर जळून गेलेलं. उभं होतं ते फक्त कोंबड्यांचं एक खुराडं. ते झाडून, साफ करून त्यांनी राहण्याजोगं केलं. घरच्यांनी त्याला नाव दिलं 'द शॅक'. शनिवार-रविवारी नवराबायको आणि पाच मुलं तिथे जायची. वीज नाही, नळ नाही.

मूळ उद्देश शिकारीचा तळ असावा हाच. पण जागा इतकी उजाड होती की शिकारीआधी रान उभं करणं भाग होतं. दर वसंतात पाइनची रोपं लावायची. पहिल्या वर्षी लावलेली बहुतेक रोपं १९३६च्या दुष्काळात वाळून गेली. पुढच्या वसंतात पुन्हा लावली. असं करत १९४८पर्यंत या कुटुंबाने ४०,०००हून जास्त झाडं लावली. हातात फावडं, कमरेत वाकून, एकेक रोप. पुस्तक वाचताना ही संख्या डोक्यात ठेवा, कारण लिओपोल्ड यांचं गद्य इतकं हलकं आहे की त्यामागची अंगमेहनत सहज नजरेआड होते. या पाचांपैकी तीन मुलं पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेली. खुराड्यातल्या शाळेचा निकाल वाईट नव्हता!

४. पुस्तक वाचताना

'ऑल्मनॅक' म्हणजे पंचांग. पुस्तकाचा पहिला भाग जानेवारी ते डिसेंबर अशा बारा महिन्यांत विभागलेला आहे. एका शिकाऱ्याने लिहिलेल्या या बारा महिन्यांत शिकारीची पानं थोडीच आहेत. जानेवारीत बर्फावरचे ठसे आहेत, मार्चमध्ये परतणारे हंस आहेत, जूनमध्ये मासेमारी, जुलैत पहाटेचे पक्षी. बंदूक खऱ्या अर्थाने ऑक्टोबरात बाहेर येते. पुस्तकाची ही रचनाच एक विधान आहे. चार निबंध जरा सावकाश पाहू.

फेब्रुवारी: 'गुड ओक'. वीज पडून मेलेला एक ओक लिओपोल्ड करवतीने कापतात, जळणासाठी. करवत जसजशी आत जाते तसतशी ती झाडाच्या वर्तुळांतून, म्हणजे वर्षांतून, मागे मागे जाते. ८० वर्तुळं. भुसा उडतो तो त्या त्या वर्षाचा. १८९९चं वर्तुळ कापलं जातं तेव्हा आठवतं की विस्कॉन्सिनमधला शेवटचा पॅसेंजर कबूतर त्या वर्षी गोळीला बळी पडला. आणखी आत १८६६, राज्यातला शेवटचा एल्क त्या वर्षी मारला गेला. एक झाड कापता कापता एका राज्याचा पर्यावरणीय इतिहास सांगून होतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या निबंधाचं तंत्र मुद्दाम अभ्यासावं: इतिहास उलट्या क्रमाने, आणि त्याला ताल करवतीचा.

नोव्हेंबर: 'ॲक्स-इन-हँड'. बर्च आणि पाइन एकमेकांना खेटून वाढलेत. एकच ठेवायचं. लिओपोल्ड नेहमी बर्च तोडतात आणि पाइन राखतात. मग स्वतःलाच विचारतात, का? पाइन मी लावला आणि बर्च आपोआप आला, म्हणून? बर्च या भागात मुबलक आहे, म्हणून? पाइन जास्त जगेल, म्हणून? एकेक कारण ते तपासतात आणि प्रत्येकात थोडा आपपरभाव सापडतो. रान 'मॅनेज' करणारा माणूस निःपक्ष नसतो. कुऱ्हाड चालवणारा प्रत्येक जण जमिनीविषयी आपलं मत नोंदवत असतो, मग त्याला ते कळो वा न कळो. शेजाऱ्याचं मत वेगळं असतं, म्हणून त्याचं रान वेगळं दिसतं.

नोव्हेंबरमधलाच 'अ माइटी फोर्ट्रेस'. शीर्षक मार्टिन ल्यूथर यांच्या प्रसिद्ध स्तोत्राची आठवण करून देणारं आहे. 'माझा देव माझा गड' या भावनेचं हे स्तोत्र ४६व्या स्तोत्रसंहितेवर आधारलेलं आहे. लिओपोल्ड यांचा गड मात्र रोगट झाडांचा. जमीन घेतल्यावर वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की आपल्या झाडीत झाडांचे जवळजवळ सगळे रोग मुक्कामाला आहेत. आधी वाईट वाटलं. मग दिसू लागलं की मुळं कुजून कलंडलेल्या मेपलखाली रॅकूनला असा आसरा मिळालाय की तो शिकाऱ्यालाही फोडता येत नाही. पोकळ ओकात रानमाश्यांचं पोळं आहे. किडींनी ओकवर आणलेल्या गाठी ग्राऊस पक्षी खातात. पाण्यावर झुकलेल्या मेलेल्या बर्चच्या ढोलीत सोनपिवळा प्रोथोनोटरी वॉर्बलर घरटं करतो. म्हणजे वखारवाल्याच्या हिशोबात जे झाड 'खराब', तेच रानाच्या हिशोबात भरलेलं घर. रानातली झाडी प्राण्यांसाठी राखायची असेल तर पहिला नियम हा: सगळं स्वच्छ करू नका. वाळलेलं झाड उभं राहू द्या, पडलेला ओंडका पडू द्या, काट्याकुट्यांचा ढीग तसाच ठेवा.

एप्रिल: 'स्काय डान्स'. हा निबंध मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण माझ्या मते या पुस्तकाचा जीव इथे आहे. वुडकॉक हा लांब चोचीचा, मातकट, ठेंगणा पक्षी. शिकाऱ्याच्या लेखी तो ऑक्टोबरातलं एक अवघड लक्ष्य आणि ताटातला चविष्ट घास. पण एप्रिल-मेच्या संध्याकाळी, उजेड एका ठराविक मंदपणाला आला की नर मोकळ्या जागेत उतरतो, नाकातून काढल्यासारखा आवाज काढतो, मग गिरक्या घेत घेत आकाशात एक ठिपका होईपर्यंत वर जातो आणि किलबिलत कोसळल्यासारखा खाली येतो. रोज. लिओपोल्ड कुटुंब हे बघत बसायचं. निबंधाच्या शेवटी ते कबूल करतात की ऑक्टोबरात वुडकॉकच्या मागे जायला मला इतर कुणाहून कमी आवडत नाही. मात्र हा नाच पाहिल्यापासून एक-दोन पक्षी मिळाले की पुरे वाटतात, आणि पुढच्या एप्रिलमध्ये नाचणारे कमी पडणार नाहीत ना, ही खात्री आधी हवी असते.

इथे जरा थांबून बघा. त्यांनी शिकार सोडली का? नाही. कायद्याने हात बांधले का? तेही नाही. एप्रिलमधल्या निरीक्षणाने ऑक्टोबरातल्या हाताला मर्यादा घातली. हंगामाबाहेरचा काळ म्हणजे रिकामा काळ नव्हे. माणसाला मर्यादा शिकवणारा काळ तोच.

डिसेंबरमध्ये '६५२९०' नावाचा छोटासा निबंध आहे. चिकडी हा चिमणीहूनही लहान पक्षी. लिओपोल्ड हिवाळ्यात त्यांना पकडून पायात क्रमांकाचं कडं घालून सोडत. ९७ पक्ष्यांपैकी ६७ दुसऱ्या हिवाळ्यात दिसलेच नाहीत. पाच हिवाळे पाहणारा एकच निघाला, क्रमांक ६५२९०. आकडेवारीचा तक्ता असावा अशी ही माहिती, पण वाचताना त्या एका पक्ष्याविषयी आपल्याला काळजी वाटायला लागते. मोजणं आणि माया या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नसतात, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

आणखी एक बारकावा. या पुस्तकासाठी लिओपोल्ड यांनी सुचवलेलं नाव होतं 'ग्रेट पझेशन्स'. जुलैच्या निबंधाचं नावही तेच. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये हे शब्द एका श्रीमंत तरुणाबद्दल येतात. सर्वस्व सोडून ये म्हटल्यावर तो खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता फार असते. निबंधात लिओपोल्ड सांगतात की सरकारी दप्तराप्रमाणे माझी जमीन १२० एकर. पण पहाटे साडेतीनला कॉफीचं भांडं आणि वही घेऊन बसलो की ऐकू येईल तेवढी सगळी माझीच. मालकीची ही व्याख्या त्या तरुणाच्या मालकीच्या अगदी उलट आहे. लेखकाच्या मनात शुभवर्तमानातली गोष्ट होतीच असं मी म्हणणार नाही, पण वाचकाच्या मनात ती आली तर निबंध जास्त उलगडतो.

५. लांडगा आणि हरीण

लिओपोल्ड सुरुवातीपासून असे होते, असा समज करून घेऊ नये. ॲरिझोनात तरुण वनाधिकारी असताना लांडगे मारणं हे त्यांना कर्तव्यच वाटत होतं. लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त, आणि हरणं जास्त म्हणजे शिकाऱ्यांची चंगळ, असा सरळ हिशोब. एका लांडगीला गोळी घातल्यावर तिच्या डोळ्यांतलं विझत जाणारं तेज त्यांनी जवळून पाहिलं. तो अनुभव १९०९मधला. त्यावरचा 'थिंकिंग लाइक अ माउंटन' हा निबंध त्यांनी लिहिला १९४४मध्ये. मधल्या ३५ वर्षांत त्यांनी लांडगे संपलेले डोंगर पाहिले होते. तिथे हरणं बेसुमार वाढली, कोवळी झाडं, झुडपं सगळं खाल्लं, आणि शेवटी उपासमारीने मेली. हरणाला लांडग्याची भीती असते तशी डोंगराला हरणाची भीती असते, असा या निबंधाचा मथितार्थ.

याच काळात ही समजूत त्यांना महागातही पडली. १९४३पासून ते विस्कॉन्सिनच्या निसर्गसंवर्धन आयोगावर होते. हरणं जास्त झालीत, हिवाळ्यात उपाशी मरताहेत, म्हणून माद्याही मारू द्याव्यात, असं त्यांनी मांडलं. लोक खवळले. शिकारीही खवळले आणि प्राणिप्रेमीही. माद्या आणि पाडसं मारा म्हणणारा माणूस निसर्गप्रेमी कसा? पण प्रेम एका हरणावर करायचं की ज्या रानावर हरीण जगतं त्या रानावर, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतात गवताला आग लागली. ती विझवायला मदत करताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तक स्वीकारल्याचं त्यांना आठवडाभर आधी कळलं होतं. मुलगा लूना यांनी हस्तलिखित मार्गी लावलं आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं.

६. 'ऋतुचक्र' शेजारी ठेवून

मराठी वाचकाला हे पुस्तक वाचताना दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'ची आठवण होणारच. ते १९५६चं, म्हणजे अवघ्या सात वर्षांनंतरचं. तेही बारा महिन्यांचं, चैत्रापासून सुरू होणारं. दोन्हींत निसर्ग ठोकळेबाज सुंदर नाही. तो त्या त्या महिन्याचा, त्या त्या जागेचा आहे. पण फरक मोठा आहे. दुर्गाबाईंचे महिने संस्कृत काव्य, लोकगीतं, सण, पुराणकथा यांनी गजबजलेले आहेत. पाहणारी नजर विदुषीची आहे. लिओपोल्ड यांच्या महिन्यांत हातात नेहमी काहीतरी अवजार असतं: करवत, फावडं, गळ, बंदूक, पेन्सिल. दुर्गाबाई पळस पाहतात, लिओपोल्ड पाइन लावतात. दोन्ही नजरा हव्यात. नुसतं पाहणारा रान बदलत नाही, आणि न पाहता बदलणारा ते बिघडवतो.

शिकारीकडून निरीक्षणाकडे जाणारी वाट मराठीतही आहे. शिकारीचा नाद केलेले व्यंकटेश माडगूळकर पुढे जंगलात मुक्काम करून 'नागझिरा' लिहितात आणि वानरांच्या टोळ्यांवर 'सत्तांतर'सारखी कादंबरी देतात. वनखात्यात आयुष्य घालवलेले मारुती चितमपल्ली आपल्याला रानाचे शब्द देतात. या तिघांच्या शेजारी लिओपोल्ड ठेवले तर आपल्या मंडळाला एक चांगलं अभ्याससत्र घेता येईल.

७. आपल्याकडे यातलं काय लागू पडतं?

सगळं नाही, हे आधी स्पष्ट करू. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. अमेरिकेत १९३७च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला गेला. तसा शिकाऱ्यांच्या पैशाचा झरा आपल्याकडे नाही आणि तो असावा असंही मला वाटत नाही. एका अर्थाने आपल्या देशात बंदूक कायमची खुंटीला टांगली आहे. म्हणून लिओपोल्ड यांच्या वर्षातला हंगामाबाहेरचा भाग तेवढाच आपल्या वाट्याला येतो. पण आपण तो तरी करतो का?

दुसरं, कडेचा सिद्धान्त. तितर-सशांसाठी तो ठीक, पण आता अभ्यासकांना माहीत आहे की रानाचे तुकडे झाले की आतल्या दाट रानात राहणाऱ्या जातींचं नुकसान होतं. सह्याद्रीत हे विशेष खरं आहे. खानापूर, भीमगड, म्हादईच्या रानातल्या धनेशाला घरट्यासाठी मोठ्या, जुन्या झाडाची ढोली लागते. त्याला कड नको, म्हातारं झाड हवं. इथे 'अ माइटी फोर्ट्रेस'चा धडा 'गेम मॅनेजमेंट'पेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तिसरं, आपल्याकडे रान राखायची एक जुनी रीत आहेच: देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात तिचा शास्त्रीय अभ्यास केला. देवाच्या नावाने कुऱ्हाड बंद, पुष्कळ ठिकाणी शिकारही बंद. लिओपोल्ड कुऱ्हाड विचारपूर्वक चालवायला सांगतात. देवराई कुऱ्हाड वेशीबाहेर ठेवायला सांगते. रोगट, पोकळ झाडं दोन्हीकडे वाचतात.

चौथं, आणि हे टाळून चालणार नाही. जंगलालगतच्या शेतकऱ्याला वन्यप्राणी म्हणजे पुस्तकातला आनंद नव्हे. रात्रीत रानडुकरांनी भाताचा कचरा केला, गव्याने ऊस तुडवला, की वर्षाची मेहनत गेली. लिओपोल्ड प्राध्यापक होते, शॅकवर त्यांचं पोट अवलंबून नव्हतं. ज्यांची ती भूमी मुळात होती ते हो-चंक लोकही त्यांच्या पुस्तकात जवळजवळ दिसत नाहीत. या दोन मर्यादा लक्षात ठेवूनच पुस्तक वाचावं. पण रायलीच्या प्रयोगातला मुद्दा इथेही टिकतो: रानाचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकून शहरातल्यांनी रानाची आवड बाळगणं हा न्याय नव्हे. शहरवाल्यांनी तिथे दाणा आणि मेहनत दिली. आपण काय देतो?

निदान एक छोटी गोष्ट हाताशी आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी काजूची बाग, शेताच्या बांधावरची झाडी, परसातली दोन-चार झाडं आहेत. हंगामाआधी 'रान साफ' करताना एखादं वाळकं झाड उभं ठेवायचं, एका कोपऱ्यातला पालापाचोळा न जाळता कुजू द्यायचा, आणि तिथे काय येतं ते लिहून ठेवायचं.

८. अभ्यासासाठी प्रश्न आणि उपक्रम

१. 'स्काय डान्स'मध्ये लेखक शिकार सोडत नाही, फक्त कमी करतो. हा नैतिक बदल तुम्हाला पुरेसा वाटतो का? कारणं द्या.

२. 'ॲक्स-इन-हँड'च्या धर्तीवर तुमच्या घरच्यांनी राखलेलं आणि तोडलेलं एकेक झाड निवडा. ती निवड कोणी, कोणत्या आवडीनिवडीने केली, ते घरातल्या थोरांना विचारून लिहा.

३. 'ऋतुचक्र'मधला कोणताही एक महिना आणि 'ऑल्मनॅक'मधला एक महिना घ्या. दोन्हींत क्रियापदं कोणती येतात ते वेगवेगळं लिहून काढा. पाहण्याची किती, करण्याची किती?

४. देवराई आणि लिओपोल्ड यांची झाडी, दोन्हींत नियम कोण घालतं आणि मोडल्यास काय होतं? तुलना करा.

५. उपक्रम: जून ते मे अशी वर्षभराची एक वही करा. पहिला पावशा कधी ऐकला, काजूला मोहोर कधी आला, कुठल्या ढोलीत कोण राहतं, एवढंच, तारखेसकट. वर्षाअखेरीला मंडळाच्या बैठकीत सगळ्या वह्या एकत्र ठेवू आणि आपल्या परिसराचं एक मराठी पंचांग जुळतं का ते बघू. वही जाड नको. दिवसाला एक ओळ पुरे.